कॉन्फिग फाईलवर हक्क कोणाचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ओपन सोर्स लायसन्सवरील लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतली बहुतेक प्रोग्रॅमबद्दल नसून त्याच्या शेजारी मुकाट पडून असलेल्या कॉन्फिगरेशन फाईलींबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमने कसे चालायचे ते सांगणाऱ्या सेटिंगच्या फाईलींबद्दल होती. त्या कोणाच्या, त्यांना लायसन्स लागते का, दुसऱ्याची उचलली तर काय, असे सगळे प्रश्न. निवडक पत्रे थोडी कापून इथे देत आहोत. फाईलींची नावे आणि आज्ञा आम्ही देवनागरीत छापतो, पण संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्यात.

प्रश्न : आमची कंपनी सर्व्हरची सगळी मांडणी सार्वजनिक रेपोत (गिटवरच्या फाईलसंग्रहात) टाकणार आहे. त्यात एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग, अनेक सर्व्हिस एकत्र चालवणारी डॉकर कंपोजची फाईल आणि सर्व्हर आपोआप मांडणाऱ्या ॲन्सिबलची प्लेबुक्स आहेत. एक वरिष्ठ म्हणतात, ‘सेटिंगवर कसला कॉपीराइट? लायसन्सची भानगडच नको.’ दुसरे म्हणतात, ‘आपण टाइप केले ते सगळे आपले.’ कोणाचे धरायचे? आणि किती ओळींनंतर हक्क सुरू होतो?
— सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर, वेर्णा

उत्तर : दोघांपैकी कोणाचेच पूर्ण धरू नका. फाईलच्या नावावरून किंवा एक्स्टेन्शनवरून हा निकाल लागत नाही. फाईल उघडून ओळी वाचाव्या लागतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १३ नुसार संरक्षण मिळते ते ‘मूळ’ साहित्यकृतीला. कलम २(ओ) मध्ये साहित्यकृतीत संगणक प्रोग्रॅम, तक्ते, संकलने आणि डेटाबेसही धरले आहेत, त्यामुळे फाईल रुक्ष आहे म्हणून ती कायद्याबाहेर जात नाही. प्रश्न उरतो तो ‘मूळ’पणाचा. त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात घालून दिली. न्यायनिवाडे संपादित करून छापणाऱ्या प्रकाशकाचे ते प्रकरण होते. केवळ मेहनत घेतली आणि पैसा घातला म्हणून हक्क मिळत नाही. कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, आणि त्यात थोडी का होईना सर्जनशीलता हवी, असे न्यायालयाने म्हटले. निवाड्यांतल्या टंकनचुका दुरुस्त करण्याला संरक्षण मिळाले नाही. पण कायद्याची जाण वापरून केलेली परिच्छेदांची विभागणी आणि त्यांना दिलेले अंतर्गत क्रमांक यांना मिळाले. कॉन्फिग फाईल वाचताना हा फरक फार उपयोगी पडतो.

आता तुमची एन्जिनएक्सची फाईल घ्या. समजा कळंगुटच्या एका हॉटेलच्या बुकिंग साइटसाठी सर्व्हर ब्लॉक लिहिला आहे. पहिली ओळ ‘लिसन ४४३ एसएसएल’. शब्द एन्जिनएक्सच्या कर्त्यांचा, पोर्ट एचटीटीपीएसच्या मानकाचा. दुसऱ्या ओळीत डोमेनचे नाव, म्हणजे नुसती वस्तुस्थिती. पुढे सर्टिफिकेट आणि किल्लीचे मार्ग. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्सएन्क्रिप्टचे सर्टबॉट वापरले की ते मार्ग त्याच ठरलेल्या फोल्डरचे असतात. मग ‘प्रॉक्सी पास’ची ओळ, तिच्याखाली मूळ होस्ट आणि पाहुण्याचा आयपी पुढे पाठवणारे दोन हेडर. शेवटी ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज १० एम’. मूळ मर्यादा १ एमबीची असते. पाहुण्याने ओळखपत्राचा मोठा फोटो चढवला की ४१३ क्रमांकाची चूक येते, म्हणून ती वाढवली. हा निर्णय तुमचा खरा, पण एका आकड्यावर कॉपीराइट मिळत नाही. हेच काम दुसऱ्या जाणकाराला दिले तर तोही जवळजवळ याच ओळी लिहील. सांगायची गोष्ट आणि ती सांगायची पद्धत इतकी एकजीव असली की कायदा त्या पद्धतीवर मक्तेदारी देत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्क्रॅबल खेळाच्या पटाबाबत हेच तत्त्व लावले. युरोपीय न्यायालयाने २०१२ च्या एसएएस इन्स्टिट्यूट प्रकरणात सांगितले की प्रोग्रॅमचे कार्य, त्याची भाषा आणि त्याच्या डेटा फाईलींचा फॉरमॅट यांना प्रोग्रॅम म्हणून कॉपीराइट मिळत नाही. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा तीच आहे.

ॲन्सिबलचे प्रकरण वेगळे आहे. एखाद्या रोलमध्ये, म्हणजे एका कामाच्या टास्कच्या संचात, तीस-चाळीस टास्क, ‘व्हेन’च्या अटी, हँडलर आणि जिंजाचे टेम्प्लेट असतात. एक टास्क फसला तर पुढे काय करायचे याची योजनाही त्यात असते. इथे नाव आणि एक्स्टेन्शन कॉन्फिगचे असले तरी आतला ऐवज प्रोग्रॅमचाच आहे. कलम २(एफएफसी) मधली व्याख्या, म्हणजे संगणकाकडून विशिष्ट काम करून घेऊ शकणाऱ्या सूचनांचा संच, त्याला सरळ लागू पडते. कंपोजची फाईल या दोहोंच्या मध्ये बसते. तीन सर्व्हिस, दोन व्हॉल्यूम आणि एक नेटवर्क एवढेच असेल तर हक्क सांगण्याजोगे त्यात काही नाही. दोनशे ओळींची, प्रोफाइल, हेल्थचेक आणि अँकर विचारपूर्वक रचलेली फाईल असेल तर निवड आणि मांडणी यांवर संरक्षण मिळू शकते. मात्र ते तोकडे असते. कोणी त्यातल्या किमती (म्हणजे सेटिंगपुढे भरलेली मूल्ये) पाहून आपली फाईल आपल्या रचनेत लिहिली तर तुम्ही अडवू शकत नाही.

सर्वांत भक्कम हक्क मात्र भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. तो टिप्पण्यांवर असतो. ‘हा टाइमआउट ६० ऐवजी ३०० सेकंद का केला, बँकेचे पेमेंट पान उशिरा परतते तेव्हा काय होते’ हे चार ओळींत नीट समजावून सांगितलेले असेल तर ते सरळसरळ गद्यलेखन आहे. दुसऱ्याची फाईल उचलताना किमतींपेक्षा टिप्पण्या उचलणेच जास्त अंगाशी येते.

किती ओळींनंतर हक्क सुरू होतो, असेही तुम्ही विचारले आहे. कायद्यात असा आकडा नाही. बाहेरून आलेला साधारण १५ ओळींच्या आतला बदल कायद्याच्या दृष्टीने दखलपात्र नाही, असे मुक्त सॉफ्टवेअरचा गनू प्रकल्प धरतो. तो त्यांच्या कामकाजापुरता दंडक आहे, न्यायालयाची रेषा नव्हे.

म्हणून वरिष्ठांना एवढेच सांगा की हक्क आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. लायसन्स लावल्याने नसलेला हक्क निर्माण होत नाही आणि असलेला जातही नाही. लायसन्स न लावल्यास मात्र फाईल वापरणाऱ्याला दर वेळी वरची सगळी तपासणी करत बसावे लागते, आणि मोठ्या कंपन्यांतले लोक ती न करता तुमची रेपो सोडूनच देतात.

प्रश्न : मग लायसन्स कोणते लावू? एमआयटी सगळीकडे चालते असे ऐकले आहे. आणि जेसन फाईलमध्ये टिप्पणीच लिहिता येत नाही, तिथे काय करायचे?
— वेब डिझायनर, मडगाव

उत्तर : एमआयटी चालते, पण त्यात एक अट आहे. कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत किंवा तिच्या मोठ्या भागासोबत जायला हवा. आख्खी लायब्ररी घेणारा माणूस ती पाळतो. कॉन्फिगमधून मात्र लोक दहा-बारा ओळी घेऊन स्वतःच्या फाईलमध्ये चिकटवतात आणि सूचना मागेच राहते. जी अट कोणी पाळणार नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे ती घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छोट्या कॉन्फिगसाठी दोन चांगले पर्याय आहेत. एक सीसी झिरो १.०. यात कर्ता आपले हक्क सोडून देतो, आणि एखाद्या देशात तसे सोडता येत नसतील तर मागे बिनशर्त लायसन्स उरते. भारतात कलम २१ खाली कर्ता रजिस्ट्रारला नोटीस देऊन किंवा जाहीर सूचनेने हक्क सोडू शकतो. तुमचा रेपो ती जाहीर सूचना ठरतो का, या वादात न पडता सीसी झिरोतले मागचे लायसन्स कामी येते. गिटहबचा गिटइग्नोर टेम्प्लेटचा प्रसिद्ध संग्रह याच लायसन्सखाली आहे. एक खोच लक्षात ठेवा. सीसी झिरो पेटंटचा हक्क देत नाही असे स्पष्ट म्हणते, त्यामुळे फेडोराने २०२२ मध्ये कोडसाठी ते नाकारले. दुसरा पर्याय एमआयटी-झिरो, म्हणजे श्रेयाची अट काढलेले एमआयटी.

ॲन्सिबलचे रोल, हेल्मचे चार्ट अशा तर्क असलेल्या फाईलींना आम्ही अपाची २.० सुचवू. त्यात पेटंटचे कलम आहे, आणि भारतातल्या कर्त्यासाठी आणखी एक कारण आहे. आपल्या कायद्याचे कलम ३०ए हे कलम १९ मधल्या तरतुदी लायसन्सलाही, जरूर त्या फेरफारांसह, लावते. कलम १९ म्हणते की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत समजावा. एमआयटीचा मजकूर मुदतीबद्दल आणि प्रदेशाबद्दल गप्प आहे. अपाची २.० मध्ये ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ असे शब्द आहेत, सीसी झिरोतही कायद्याने मिळेल तेवढी मुदत आणि सर्व प्रदेश असे लिहिलेले आहे. यावरून कोणी भांडेल असे नाही, पण मजकूर निवडणे आपल्या हातात असताना स्पष्ट मजकूरच निवडावा.

लावायचे कसे ते आता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपची ‘रीयूज’ पद्धत वापरा. रेपोच्या मुळाशी ‘लायसेन्सेस’ नावाचा फोल्डर करा, नाव सगळे कॅपिटल अक्षरांत. त्यात वापरलेल्या प्रत्येक लायसन्सचा पूर्ण मजकूर ठेवा. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर दोन ओळी घाला, एक एसपीडीएक्सची (लायसन्सच्या ठरलेल्या चिन्हांच्या मानकाची) कॉपीराइट सूचना, ज्यात वर्ष आणि धारकाचे नाव असेल, आणि दुसरी एसपीडीएक्सची लायसन्स-ओळख, जिच्यापुढे ‘सीसी०-१.०’ किंवा ‘अपाची-२.०’ असे ठरलेले चिन्ह येईल. मग टर्मिनलवर ‘रीयूज लिंट’ चालवा. कोणती फाईल राहून गेली ते ते सांगते.

आता ‘डोक्यावर’ म्हणजे नेमके कुठे, यात पुष्कळ जण चुकतात. डॉकरफाईलमध्ये ‘सिंटॅक्स’ची सूचना पहिल्या ओळीतच लागते. तिच्या वर लायसन्सची टिप्पणी घातली की डॉकर तिला साधी टिप्पणी समजतो आणि बिल्ड वेगळ्या सिंटॅक्सने होते, तेही चूक न दाखवता. नवा सर्व्हर पहिल्यांदा उठताना मांडणाऱ्या क्लाउड-इनिटच्या फाईलची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ हीच हवी. तिला खाली ढकलले तर सर्व्हर उठतो पण तुमची एकही सेटिंग लागत नाही. एक्सएमएलमध्ये घोषणेची ओळ सर्वांत आधी आणि टिप्पणी तिच्यानंतर. शेल स्क्रिप्टमध्ये शेबँगच्या खाली.

जेसनमध्ये टिप्पणी चालत नाही हे बरोबर. काही जण ‘_लायसन्स’ अशी बनावट की घालतात. काटेकोर स्कीमा तपासणारा प्रोग्रॅम ती पाहून फाईलच नाकारतो. त्याऐवजी मूळ फाईलच्या पूर्ण नावापुढे ‘.लायसन्स’ जोडून शेजारी दुसरी छोटी फाईल करा आणि त्या दोन ओळी तिच्यात ठेवा. अशा फाईली डझनावारी असतील तर मुळाशी एकच ‘रीयूज.टॉम्ल’ ठेवून त्यात मार्ग आणि लायसन्स लिहिले तरी भागते.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी काही सेटिंग स्टॅक ओव्हरफ्लोवरून आणि काही एका गिटहब रेपोतून घेतल्या. रेपोत लायसन्सची फाईल नाही, म्हणजे ती मोकळीच ना?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही, उलट आहे. लायसन्स नसणे म्हणजे सर्व हक्क राखून ठेवलेले. सार्वजनिक रेपो गिटहबवर पाहण्याची आणि तिथल्या तिथे फोर्क (स्वतःची प्रत) करण्याची मुभा गिटहबच्या वापर-अटींतून मिळते, त्यापलीकडे काही नाही. तुम्ही घेतलेल्या ओळी पहिल्या उत्तरातल्या एन्जिनएक्ससारख्या असतील तर काळजी नको. त्याहून जास्त असेल तर कर्त्याला इश्यू उघडून नम्रपणे लायसन्स लावायला सांगा. बहुतेक जण विसरलेले असतात आणि लगेच लावतात. उत्तर आले नाही तर ती फाईल बंद करा, सॉफ्टवेअरची अधिकृत कागदपत्रे उघडा आणि स्वतःची फाईल लिहा. समोर मूळ ठेवून शब्द बदलत बसणे म्हणजे स्वतः लिहिणे नव्हे.

स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए खाली असतो. ८ एप्रिल २०११ पूर्वीचा २.५, तेव्हापासून २ मे २०१८ पर्यंतचा ३.० आणि त्यानंतरचा ४.०. श्रेय द्यावे लागते आणि त्यावरून केलेली कृती त्याच लायसन्सखाली द्यावी लागते. ४.० मधला मजकूर जीपीएल ३ (वितरणासोबत सोर्स देण्याची अट घालणारे लायसन्स) खालच्या प्रकल्पात घेता येतो, एमआयटी प्रकल्पात तसा घेता येत नाही. फाईलमध्ये उत्तराचा दुवा आणि लेखकाचे टोपणनाव टिप्पणीत लिहिण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

प्रश्न : आम्ही ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) टाकलेले वाय-फायचे डबे हॉटेलांना विकतो. एका गिऱ्हाइकाने सोर्स कोड आणि ‘सगळी कॉन्फिग’ मागितली आहे. आमची मेहनतीने बसवलेली सेटिंगही द्यावी लागेल?
— नेटवर्किंगचा व्यवसाय, म्हापसा

उत्तर : ‘कॉन्फिग’ या एका शब्दात इथे दोन गोष्टी मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की बहुतेक भांडण मिटते.

पहिली, बिल्डची कॉन्फिग. लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल २ खाली आहेत. डबा विकला की तुम्ही त्यांचे वितरण केले, मग तो एकाच हॉटेलला विकलेला असो. जीपीएल २ च्या कलम ३ मध्ये ‘पूर्ण सोर्स कोड’ची व्याख्या आहे आणि तिच्यात कंपाइल व इन्स्टॉल करण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या स्क्रिप्टही येतात. कर्नल कोणत्या पर्यायांनी बांधला हे ठरवणारी ‘.कॉन्फिग’ फाईल त्याच व्याख्येत मोडते. ती नसेल तर हातात आलेल्या सोर्समधून तोच कर्नल पुन्हा बांधता येत नाही, आणि सोर्स देण्याचा हेतूच फसतो. त्या फाईलवर तुमचा कॉपीराइट आहे की नाही हा मुद्दाच इथे गैरलागू आहे. ती देणे ही वितरणाची अट आहे.

दुसरी, चालू डब्यावरची सेटिंग, म्हणजे ‘ईटीसी/कॉन्फिग’ फोल्डरमधल्या नेटवर्क, वायरलेस, फायरवॉल या फाईली. पाहुण्यांचे व्हीलॅन (वेगळे काढलेले नेटवर्क), वेगमर्यादा, पासवर्ड. ही तुमची आणि हॉटेलची माहिती आहे, जीपीएल ती मागत नाही. हॉटेलबरोबरच्या करारात ती द्यायचे ठरले असेल तर तो भाग निराळा.

देताना काय द्यायचे : ओपनडब्ल्यूआरटीचा नेमका कमिट, तुमचे सर्व पॅच, फीडची (पॅकेजांच्या स्रोतांची) फाईल त्यातल्या कमिट क्रमांकांसह, आणि पूर्ण ‘.कॉन्फिग’. स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ‘डिफकॉन्फिग’ चालवली की फक्त बदललेल्या ओळी मिळतात. वाचायला ती सोयीची, पण एकटी पुरत नाही, कारण कोणत्या कमिटवरचे मूळ पर्याय धरायचे हे ती सांगत नाही. अधिकृत बिल्डशेजारी कॉन्फिग, फीड आणि व्हर्जनच्या ‘बिल्डइन्फो’ फाईली ठेवलेल्या असतात, तो नमुना पाहा. पाठवण्याआधी कोऱ्या मशीनवर सोर्स उतरवून एकदा बिल्ड करून बघा. ‘ते पॅकेज माझ्याच लॅपटॉपवर होते’ हा शोध गिऱ्हाइकाआधी तुम्हाला लागलेला बरा.

डब्यासोबत सोर्स दिला नसेल तर लेखी हमी देता येते. ती किमान तीन वर्षे चालावी लागते आणि मागणाऱ्या कोणालाही लागू असते. जीपीएल २ मोडले की वितरणाचा हक्क आपोआप संपतो, म्हणून हंगाम संपल्यावर बघू असे म्हणू नका.

प्रश्न : मी एका सरकारी खात्यासाठी कंत्राटावर पोर्टलचा सर्व्हर उभारला. डिप्लॉयमेंटच्या फाईली मी ओपन सोर्स करू शकतो का? आणि खासगी गिऱ्हाइकांच्या बाबतीत काय?
— स्वतंत्र सल्लागार, पर्वरी

उत्तर : नोकरीत असता तर कलम १७(सी) खाली, वेगळा करार नसल्यास, कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणाराच ठरला असता. स्वतंत्र कंत्राटदाराला ते लागू नाही. खासगी गिऱ्हाइकाने पैसे दिले म्हणून कॉपीराइट त्याच्याकडे जात नाही. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र किंवा चित्रपट यांना लागू असलेला कलम १७(बी) चा नियम सॉफ्टवेअरला नाही. हक्क द्यायचा तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीचे हस्तांतरण लागते. तुमच्या करारात ते आहे का आणि त्यात मुदत लिहिली आहे का, ते आधी पाहा. मुदत नसेल तर पाच वर्षांनी हक्क परत तुमच्याकडे येतो, हे गिऱ्हाइकालाही बहुधा माहीत नसते.

सरकारी काम वेगळे आहे. सरकारने किंवा सरकारच्या निर्देशाखाली, नियंत्रणाखाली केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, कलम १७(डी) नुसार सरकार असते. त्यामुळे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही टाकू नका. परवानगी मागताना नेमकी यादी द्या, कोणत्या फाईली, कोणते लायसन्स आणि काय काय काढून टाकणार. आतले आयपी, होस्टची नावे, बॅकअपच्या वेळा यांना कॉपीराइट नसेल, पण करारातले गोपनीयतेचे कलम त्यांना नक्की लागते. कॉपीराइट नाही म्हणून जाहीर करायला मोकळीक, ही समजूत कंत्राटदारांना सर्वांत महागात पडते.

पुढच्या करारासाठी एक सूचना : तुमचे आधीचे सामान्य रोल आणि टेम्प्लेट ‘पूर्वीपासून कंत्राटदाराचे’ म्हणून परिशिष्टात नावानिशी लिहा. नाहीतर तुमचीच वर्षानुवर्षांची हत्यारे पहिल्याच प्रकल्पात निघून जातील.

प्रश्न : टेराफॉर्म (सर्व्हरची मांडणी फाईलींतून उभारणारे साधन) आणि रेडिस (डेटाबेस) यांची लायसन्स बदलली. आमच्या फाईलींवर परिणाम होतो का?
— डेव्हऑप्स इंजिनिअर, वास्को

उत्तर : टेराफॉर्मच्या ज्या फाईली तुम्ही लिहिल्या त्या तुमच्याच. ऑगस्ट २०२३ मध्ये बिझनेस सोर्स लायसन्सखाली गेला तो प्रोग्रॅम, १.५ मालिकेपर्यंत तो एमपीएल २.० खाली होता आणि त्यातून निघालेला ओपनटोफू त्याच लायसन्सखाली पुढे चालू आहे. रजिस्ट्रीतून घेतलेल्या प्रत्येक मॉड्यूलचे लायसन्स मात्र स्वतंत्र असते, ते तपासा.

रेडिसमध्ये एक बारकावा आहे. त्याची मूळ ‘रेडिस.कॉन्फ’ ही निम्म्याहून जास्त समजावणीच्या मजकुराने भरलेली असते, आणि तो मजकूर प्रोग्रॅमच्याच लायसन्सखाली येतो. ७.२ पर्यंत बीएसडी, ७.४ पासून आरएसएएल आणि एसएसपीएल, आठव्या आवृत्तीपासून एजीपीएलचा तिसरा पर्याय. नव्या आवृत्तीची ती फाईल उचलून चार किमती बदलायच्या आणि वाल्कीवर (रेडिसच्या बीएसडी काळातल्या कोडवरून निघालेल्या प्रकल्पावर) चालणाऱ्या आपल्या उत्पादनात द्यायची, हे टाळा. रेडिसला फक्त बदललेल्या ओळी पुरतात, बाकी मूळ किमती तो स्वतः धरतो. पंधरा-वीस ओळींची स्वतःची फाईल लिहा. वाचायलाही तीच बरी.

प्रश्न : कोकणी आणि मराठी दोन्हींसाठी मी लिनक्सचा ध्वन्यात्मक कीबोर्ड बनवला, ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि अवग्रह सहज मिळतील असा. एका ॲपमध्ये तीच मांडणी दिसते. दाद मागता येईल?
— शिक्षक, डिचोली

उत्तर : मांडणीवर नाही. ‘के’ दाबले की ‘क’ ही जोडी कोणालाही सुचेल, आणि कुठल्या कळेवर कुठले अक्षर हा सबंध तक्ता म्हणजे टाइप करण्याची पद्धत आहे. पद्धतीवर कॉपीराइट नसतो. फाईलचा मजकूरच उचलला असेल, म्हणजे तुमच्या टिप्पण्या, तुमचा ओळींचा विचित्र क्रम, एखादी राहून गेलेली चूकसुद्धा जशीच्या तशी दिसत असेल, तर बाजू बदलते. त्यासाठी तुमचे तारखेसह कमिट हाच चांगला पुरावा. कीबोर्डसोबत तुम्ही शब्दयादी किंवा आपोआप दुरुस्तीची जोडी-यादी बनवली असेल तर तिच्यातल्या निवडीवर तुमचा हक्क बराच पक्का आहे. तिला वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि श्रेय हवे असेल तर सीसी बाय ४.० लावा.

दाद मागण्यापेक्षा ही मांडणी एक्सकेबीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या कीबोर्ड-मांडण्यांच्या, मुख्य प्रकल्पाला पाठवा, असा आग्रह करावासा वाटतो. तिथला डेटा एमआयटी धर्तीच्या लायसन्सखाली असतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, आणि मराठीही सरकारी कामात चालते. दोन्ही भाषा रोज टाइप करणाऱ्यांना एकच चांगली मांडणी डिस्ट्रोबरोबर आयती मिळेल.

प्रश्न : कॉन्फिग एआयकडून किंवा जनरेटरकडून लिहून घेतली तर कर्ता कोण?
— वाचक, साखळी

उत्तर : कलम २(डी)(६) नुसार संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत झालेली व्यक्ती. पण मूळपणाची कसोटी तिथेही चुकत नाही. फॉर्ममध्ये तीन पर्याय निवडून मिळालेल्या फाईलवर हक्क सांगू नका. सीसी झिरो लावा आणि कोणत्या जनरेटरची कोणती आवृत्ती वापरली ते टिप्पणीत लिहा.

प्रश्न : लायसन्स लावून रेपो जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आले की ‘.एन्व्ह’ फाईलमधून डेटाबेसचा पासवर्ड गेला. फाईल डिलीट करून कमिट केले. आता ठीक ना?
— वाचक, काणकोण

उत्तर : नाही. जुन्या कमिटमध्ये तो तसाच आहे, आणि सार्वजनिक रेपो चाळणारे बॉट अशाच ओळी शोधत असतात. पासवर्ड फुटला असे धरूनच चाला. आधी डेटाबेसवर तो बदला, जुना बंद झाल्याची खात्री करा आणि तेवढ्या काळातले लॉग तपासा. त्यानंतर ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहासातून ती फाईल काढा आणि जबरदस्तीचा पुश करा. मधल्या काळात कोणी फोर्क केला असेल तर त्या प्रतीत पासवर्ड राहणारच, म्हणूनच बदलण्याचे काम पहिले. गिटइग्नोरमध्ये ‘.एन्व्ह’ची ओळ घाला आणि खोट्या किमती भरलेली नमुन्याची फाईल रेपोत ठेवा. ‘गिटलीक्स’ प्री-कमिट हुकला जोडा, म्हणजे पुढच्या वेळी कमिट तिथेच अडेल. सहकाऱ्यांना जुनी प्रत फेकून रेपो नव्याने क्लोन करायला सांगा. त्यांच्यापैकी एकाने जरी जुन्या ब्रँचवरून पुश केले तरी काढलेले कमिट परत वर येतात.